बिनटाक्याचा डॉक्टर

परमेश्वराने माणसाला बेंबी कशासाठी दिली, याचं खरं उत्तर अख्ख्या खानदेशात एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माझा शाळेपासूनचा मित्र असून धुळ्यात सर्जन आहे. आपण समजतो, नाळ तुटली की बेंबीचं काम संपलं. तो म्हणतो, "तिथून तर सुरू होतं! देवाने आधीच आखून ठेवलेली जागा आहे ती. तिच्यातच चीर द्यायची, तिच्यातूनच आत जायचं, तिच्यातूनच बाहेर यायचं. नंतर देवालासुद्धा सापडणार नाही." अपेंडिक्स असो की खड्यांनी भरलेलं पित्ताशय, सगळं तो याच एका दारातून बाहेर काढतो. कुणी आग्रह केला, तर माणसाच्या पोटातलं कपटही दुर्बिणीने उपसून दाखवील.

आता या एका छिद्रातून दुर्बीण आणि हत्यारं आत सोडायला कंपनीचं एक झाकण मिळतं, पण त्याची किंमत ऐकूनच पेशंटचं दुसरं ऑपरेशन करावं लागतं. आमच्या डॉक्टरने त्यावर तोड काढली. स्टीलच्या बांगडीवर रबरी हातमोजा ताणून बसवायचा. त्याच्या एका बोटातून दुर्बीण, दुसऱ्यातून चिमटा, तिसऱ्यातून कात्री. पित्ताशय धरून ठेवायला दुसरं भोक नको, म्हणून ते आतल्या आत दोऱ्याने टांगायचं, खुंटीला पिशवी अडकवावी तसं. या बांगडीपायी त्याने बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक बांगडीतून तीन बोटं आरपार घालून बघायचा. शेवटी एक दुकानदार म्हणाला, "साहेब, वहिनींच्या मनगटाचं माप सांगा ना." हा म्हणाला, "मनगट नाही, बेंबी!" दुकानदाराने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

त्याच्या शेतातल्या भरीत पार्टीला एकदा गेलेला माणूस पुढच्या वेळी घरून जेवून जातो. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर हातभर लांब वांगी मस्त भाजली जातात, वासाने शेजारच्या शेतातली कुत्री येऊन बसतात, आणि हा देठापाशी एक भोक पाडून, साल जराही न फाटू देता, आतला गर चिमट्याने खेचत बसतो. "अरे, ठेच ना ते वांगं!" म्हणून आम्ही ओरडतो. "मग सर्जनने हात कशावर बसवायचा, म्हशीवर?" तो शांतपणे विचारतो. शेवटी पोकळ वांगं दिव्यासमोर धरतो आणि म्हणतो, "पेशंट उत्तम आहे." पेशंट उत्तम, पाहुणे अत्यवस्थ!

अशा या माणसाची एकदाच फजिती झाली, ती माझ्या थोरल्या बहिणीने केली. अक्काचं सासर एरंडोलकडचं, घर शेतकऱ्याचं, खाणारी तोंडं मोजायची सोय नाही. पित्ताशयात खडे निघाले म्हणून मी तिला धुळ्याला आणलं. ऑपरेशन असं झालं की संध्याकाळी अक्का चालत होती. डॉक्टरने छाती फुगवून भाऊजींना सांगितलं, "घेऊन जा. काही झालंच नाही असं समजा!"

घरचे अक्षरशः तसंच समजले.

आठवड्याने अक्का दवाखान्यात हजर. डॉक्टर खूश होऊन म्हणाला, "काय अक्का, शोधून सापडतो का टाका?"

"तेच तर बोंबलनं, डॉक्टरभाऊ!" अक्का कडाडली. "मनी जाऊनं पोट फाडं व्हतं, तिले वीतभर टाका. बठ्ठ्या बाया दखाले उन्यात. महिनाभर खाटवर बसीसन शिरा खादा तिनी. माले दखाले उन्यात त्या म्हणतस, कोठे काय शे? तिसरा दिवसले मी चूलपुढे! माले टाका दे."

जी खूण नाहीशी करण्यात डॉक्टरने उमेदीची वर्षं घालवली, नेमकी तीच खूण अक्का मागत होती. गावातल्या सगळ्या बायका पोट बघून जात होत्या, आणि त्यावरून विश्रांती ठरत होती: टाका दिसला तर महिनाभर खाट, नाही तर तिसऱ्या दिवशी चूल. तो उठला. कापूस, जाळी, रुंद चिकटपट्टी काढली आणि अक्काच्या पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत अशी पट्टी ठोकली की वाटावं, बाईला मधोमध जोडलं आहे. मग भाऊजींना आत बोलावून दरडावलं, "महिनाभर कळशीसुद्धा उचलायची नाही. पट्टी फक्त मी काढणार."

महिनाभर अक्का ओट्यावर बसली. मी भेटायला गेलो तर जाऊबाई भाकरी थापत होत्या आणि अक्का रस्त्यावरून जाणारी माणसं बघत होती, नवीन गावाला आल्यासारखी. तिला नुसती बसलेली मी लहानपणानंतर पाहिलीच नव्हती.

महिना भरला. डॉक्टरने पट्टी सोलली. खाली नितळ, कोरी कातडी. इतकी सुंदर बेंबी समोर असून तो तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. अक्का पोटाकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आखो आठ दिन ऱ्हाऊ दे ना, भाऊ."

दोऱ्याचा वीतभर तुकडासुद्धा वाया न घालवणाऱ्या त्या माणसाने चिकटपट्टीचा नवा गुंडाळा फोडला.