गाडीच्या पडद्यावरचं नाव

इकडे परदेशात, जॉन्सनव्हिलला आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या ज्यू बाई राहतात. त्यांच्या आईला लहानपणी कोणीतरी युरोपातून बाहेर काढलं, म्हणून ती वाचली. बाकीचं घर छावणीत संपलं. त्या माणसांना कबरी नाहीत, म्हणून बाई दर वर्षी डोंगरापलीकडच्या कबरस्तानातल्या स्मारकापाशी जाऊन उभ्या राहतात. आजवर त्या स्वतः गाडी चालवत एकट्याच जायच्या. यंदा नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, नेशील का, आणि आत माझ्याबरोबर उभा राहशील का. तिथे त्यांनी कोणालाच कधी बरोबर नेलं नव्हतं.

मला भरून आलं. खरं सांगायचं तर कॉलरही थोडी ताठ झाली. मग आम्ही नवराबायकोने घरच्या कार्याची करावी तशी तयारी केली.

फुलं न्यायची का, हे मी आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, फुलं नकोत, आम्ही एक लहानसा दगड ठेवतो. मी किनाऱ्यावरून गुळगुळीत काळा दगड निवडून आणला. चपला बाहेर काढायच्या का, हेही विचारलं, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, नाही, पण डोकं झाक. बायकोने डब्याचं नाव काढलं नाही, आणि एरवी आम्ही डब्याशिवाय वेशीबाहेर पडत नाही. गाडी घेतली तेव्हा पूजेत डॅशबोर्डवर कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं. बायकोने त्याला नमस्कार केला आणि ओल्या फडक्याने पुसून टाकलं. आपलं वेगळं आहे, पण त्यांच्या नजरेस ते पडायला नको, असं तिचं म्हणणं. मी फोनचा आवाज बंद केला. इतका विचार दुसऱ्या कोणी केला नसता, असं मला मनातून वाटत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण काही उगाच नाही.

रविवारी दुपारी बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. अंगात काळा कोट, मांडीवर पर्स, पर्समध्ये त्यांचा दगड. कबरस्तानाचं फाटक दिसू लागलं आणि गाडीतच फोन वाजायला लागला. फोनचा आवाज बंद केला तरी गाडीचा वेगळा बंद करावा लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पडद्यावर भल्यामोठ्या इंग्रजी अक्षरांत फोन करणाऱ्याचं नाव आलं. ज्या माणसाने बाईंच्या आईचं घर संपवलं, त्याचं.

ते नाव इथे लिहायला माझा हात धजत नाही. तुम्ही ओळखलंच असेल, कारण आपल्याकडे घरटी एकाला तरी ते चिकटवलेलं असतं. कडक मास्तर, खाष्ट सासू, ऑफिसातला साहेब. आमच्या घरी ते वडिलांना मिळालं. आम्ही भावंडांनी लहानपणी ठेवलं आणि मी फोनमध्येही तसंच घातलं. वडिलांनाही ते माहीत आहे, आणि आजवर ते त्यावर खुशीत हसत आले आहेत. पुण्यात सकाळचा चहा झाला की ते मला फोन करतात.

मी गडबडीत भलतीच बटणं दाबत राहिलो. फोन वाजून वाजून थांबला. मी गाडी कडेला घेतली.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील."

त्यांनी मांडीवरची पर्स जवळ घेतली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुला फार मारायचे का?"

वडिलांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. पहाटे उठवून पाढे म्हणून घ्यायचे आणि घरी यायला उशीर झाला की दारात उभे असायचे. मी तेवढंच सांगितलं आणि सांगताना मला स्वतःची किळस आली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी माफी मागितली. आमच्याकडे हे थट्टेत म्हणतात, असंही पुटपुटलो, आणि पुटपुटल्यावर आणखीच लाज वाटली.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पट्टा सोडला आणि म्हणाल्या, आज मी एकटीच जाते. मी उतरून दार उघडलं. काठी टेकत, वाऱ्यात कोट सावरत त्या फाटकातून आत गेल्या. वाट उताराची होती आणि त्यांना नीट दिसत नव्हतं. धावत जाऊन हात द्यावा असं वाटत होतं, पण माझा पाय उचलला नाही. मी गाडीत येऊन बसलो, डोक्यावर टोपी आणि मुठीत तो निवडून आणलेला दगड.

बऱ्याच वेळाने त्या परत आल्या, बसल्या, पट्टा लावला. मी गाडी सुरू करायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आधी वडिलांना फोन कर," त्या म्हणाल्या. "दारात उभे असतील."

मी फोन हातात घेतला. त्यांच्या देखत ते नाव पुन्हा पडद्यावर आणायची माझी छाती नव्हती. मी 'बाबा' असं शोधून पाहिलं. माझ्या फोनमध्ये बाबा नावाचं कोणीच नव्हतं.