संगणकातला वणवा

ऑफिसात तिला सगळे जंगलबाई म्हणत. आता बाईंचं पाऊल वर्षभरात एकदाही खऱ्या जंगलात पडत नसे, ही गोष्ट वेगळी. त्यांचं जंगल संगणकात होतं. झाडं, गुरं, लाकूडफाटा नेणारी माणसं, सगळ्यांना नियम घालून द्यायचे, बटण दाबायचं आणि पुढच्या काळात जंगलाचं काय होतं ते पडद्यावर बघत बसायचं.

जंगलातली वस्ती बाहेर हलवली तर जंगल दाट होईल, असं तिच्या सिम्युलेशनने सांगितलं होतं आणि आज साहेब वस्ती हलवायच्या हुकमावर सही करणार होते. त्या वस्तीत तिचा सख्खा भाऊ राहायचा. तरी मन घट्ट करून तिने निकाल दिला. नात्यासाठी आकडे वाकवणाऱ्यांतली ती नव्हती.

साहेब यायच्या आधी तिने सहज तोच निकाल पडद्यावर पुन्हा उघडला आणि तिची नजर वणव्यांच्या आकड्यांवर अडली. माणसं गेली, पाचोळा साठला, तरी वणवे पूर्वीइतकेच. असं कसं? वणव्यांचं प्रमाण तिने मागच्या वर्षांवरून घेतलं होतं. त्या वर्षांत अख्खी वस्ती उन्हाळ्याच्या तोंडावर पाचोळा झाडून मोकळे पट्टे काढायची, म्हणजे आग पुढे सरकत नसे. लहानपणी तिनेही झाडलं होतं. संगणकातल्या वस्तीला मात्र तिने फक्त लाकूड न्यायला शिकवलं. झाडायचं राहूनच गेलं.

तिने घाईघाईने तो नियम घातला. साहेब आत आले तेव्हा पडद्यावर वस्ती उठली होती आणि अर्धं जंगल लाल झालं होतं.

"साहेब, सही करू नका. माझी चूक झाली," ती म्हणाली आणि चूक काय ते सांगितलं.

"काल हिरवं होतं, आज जळतंय. भावाचा फोन आला होता का?"

तिचा चेहरा उतरला. "नाही आला. पण तुम्ही हे विचारणार, ते माहीत होतं."

"मग मी काय समजायचं?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. मला या कामावरून काढलंत तरी चालेल. तपासल्याशिवाय सही तेवढी नको."

 साहेबांनी पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं आणि तिला खुर्ची सोडायला सांगितली.

"तपासून होईपर्यंत तुम्ही कशालाही हात लावायचा नाही."

सहकाऱ्याने सगळं गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं. ती भिंतीला टेकून बघत राहिली. या वेळी आपलं बरोबर आहे याची तिला पक्की खात्री होती. कालही होती.