एमिलच्या नावापुढची खूण

हॅडली फॉल्सचं वर्तमानपत्र विकलं गेलं तेव्हा नवे मालक म्हणाले होते, "तुमच्यासाठी काहीच बदलणार नाही." वर्ष उलटायच्या आत कचेरीला कुलूप लागलं. तिथली बातमीदार लोर्ना पेट्रिक घरी बसली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून दर रविवारी गावाला ईमेलने पत्र धाडू लागली. कोण गेलं, कुणाचं दुकान बसलं, शाळेची कमिटी काय दडवतेय. वर्गणीदारांवर तिचं घर चालायचं. ज्या वेबसाइटवरून पत्रं जायची, तिथले लोक म्हणायचे, "वाचक तुमचे, शब्द तुमचे."

आता ती वेबसाइटही विकली गेली. नव्या मालकांच्या पत्रात पहिलंच वाक्य तेच जुनं होतं. पुढे गोड भाषेत लिहिलं होतं, की थकलात तर तुमच्या ढंगातलं पत्र आमचं यंत्र लिहील. दुधाने तोंड पोळलेली बाई ती. तिने तिथला गाशा गुंडाळून दुसऱ्या वेबसाइटवर जायचं ठरवलं.

अडलं एमिलपाशी. एमिल हॉर्वाथ तिचा जुना संपादक. दर रविवारी तो पत्रातली चूक कळवायचा, एका ओळीत, कौतुकाचा एक शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी तो वारला. मृत्युलेख लोर्नानेच लिहिला. तरीही पत्र सुटलं, की वाचकांच्या यादीत सगळ्यांच्या आधी एमिलच्या नावापुढे खूण उमटायची: उघडलं. चूक मात्र कुणी कळवत नव्हतं. त्या खुणेची तिला भीती वाटायची, आणि एखाद्या रविवारी ती उमटली नाही तर, याची त्याहून जास्त. मेलेला संपादक मानगुटीवर बसला होता आणि तो उतरायला तिला नको होता. नव्या जागी यायला प्रत्येक वाचकाने स्वतः 'हो' कळवायचं होतं. एमिल कसा कळवणार?

शेवटी ती त्याच्या बायकोकडे गेली. ज्युडिथने कॉफी ओतली, अक्रोडाचा रोल कापला.

"मीच उघडते गं," ज्युडिथ म्हणाली. "त्याच्या खुर्चीसमोर कॉम्प्युटर ठेवते नि चर्चला जाते. आल्यावर बंद करते."

"तुम्ही वाचत नाही?"

"मला कुठे येतं पत्र? त्याला येतं."

"मग त्याच्या नावाने 'हो' म्हणा ना. एक बटण तर दाबायचंय."

"त्याच्या नावाने? मला लग्नाला हो म्हणायला चार वर्षं लावली त्याने!" ज्युडिथ हसली आणि हसता हसताच रडू लागली. "तू जा, लोर्ना. मागच्या खेपेला, कचेरी बंद झाली तेव्हा, दिवे मालवून तो सगळ्यांत शेवटी निघाला होता. या खेपेला त्याच्यासाठी दारात उभी राहू नकोस."

लोर्ना गेली. निम्मेच वाचक सोबत आले. पहिल्या रविवारच्या पत्रात चर्चमधल्या पिरोगींच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, विक्रीची बातमी होती. ते सोडून ती खुणांकडे बघत बसली. एमिलचं नाव नव्हतंच. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला घर रिकामं वाटलं आणि ती भडभडून रडली.

दुपारी एक उत्तर आलं, एका ओळीचं.

"चर्चमध्ये पिरोगी शुक्रवारी विकतात, शनिवारी नव्हे. – ज्युडिथ हॉर्वाथ, नवी वर्गणीदार."