बाजेखालची परात

मुलांच्या लिखाणात खोटं वाक्य आलं की बिराजदार सर खुर्चीवरून उठत, वर्गाच्या खिडकीशी जात आणि बाहेर थुंकून येत. त्यात राग नसे. घासात खडा लागल्यावर माणूस करतो तसं ते शांतपणे होई. परत येऊन ते पुढचं वाक्य वाचत. सर किती वेळा उठले यावरून मुलं आपल्या निबंधाची किंमत करत.

हावगीराव बिराजदार उदगीरकडचे. लातुरात एका खासगी संस्थेच्या शाळेत मराठी शिकवत. नेमणूक तात्पुरती होती, दर जूनला नवा आदेश मिळे. लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत होत्या आणि त्यांच्या पाट्यांचा रंग ताजा होता. पाऊस मात्र लागोपाठ दगा देत होता. वर्तमानपत्राने मला नव्या जिल्ह्याच्या बातम्यांसाठी तिथे पाठवलं. माझी खोली सरांच्या घराला लागून होती. सकाळी ते माझी बातमी वाचत आणि कुंपणावरून अभिप्राय देत. "टँकर आला, हे लिहिलं. लई बरं केलं. त्यातलं पाणी कुणी पेलं, ते कवा लिहिणार?"

दहावीला त्या वर्षी एक कौटुंबिक कादंबरी अवांतर वाचनाला होती. मोठं एकत्र कुटुंब, अंगणात कधी न आटणारी विहीर, घरातल्या प्रत्येकाचा स्वभाव गोड. सरांना ती कादंबरी आवडत नव्हती. पण शिकवायची होतीच, म्हणून त्यांनी आपली पद्धत काढली. प्रत्येकाने कादंबरीतलं एक माणूस निवडायचं आणि त्याच्या तोंडून एक पान लिहायचं. नियम दोनच. त्या माणसाने स्वतःची स्तुती करायची नाही. आणि भावना सांगण्याआधी तो काय खातो, कुठे झोपतो, कुणाच्या मागून अंघोळ करतो, ते सांगायचं. "भावना मागून येत्यात," सर म्हणत, "न्हाई आल्या तरी चालतंय."

बहुतेक मुलांना आजोबा व्हायचं होतं. मुलींनी आजी आणि थोरली सून घेतली. पहिली पानं आली ती गुळाच्या पाकासारखी. घर म्हणजे मंदिर, सासू म्हणजे आई. सरांना खिडकीपासून हलता येईना. थोरल्या सुनेचं एक पान हातात धरून त्यांनी वर्गाला विचारलं, "ही बाई जेवते का? का नुस्ती मायाच करून राहिली?"

कादंबरीत एक धाकटी सून होती. ती चहा आणून ठेवते, एकदा पदराने डोळे पुसते आणि पुस्तक संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही. तिला कुणी घेतलं नव्हतं. ती सुमित्राने घेतली. सुमित्रा एस.टी.च्या कंडक्टरची मुलगी, दोन खोल्यांत राहणारी, वर्गात फारशी न बोलणारी. तिचं पान सरांनी बसल्या जागी पूर्ण वाचलं आणि स्नेहसंमेलनात वाचायला लावलं.

संमेलनाला संस्थेचे अध्यक्ष मन्मथअप्पा होते, संचालक होते, जिल्ह्याचे एक अधिकारी पाहुणे होते. आजोबा झालेला मुलगा वाचून गेला, टाळ्या पडल्या. मग सुमित्रा उभी राहिली. तिचं पान मला अजून आठवतं.

"आमच्या घरी सकाळी मामंजी सुतळीच्या बाजेवर बसून अंघोळ करतात. बाजेखाली परात असते. त्यांच्या अंगावरून उतरलेलं पाणी परातीत पडतं. त्यात दोन दीर न्हातात. मग सासूबाई, मग थोरल्या जाऊबाई. शेवटी ते माझ्याकडे येतं. तोवर ते घट्ट झालेलं असतं. त्याला मामंजींच्या तंबाखूचा वास येतो. मी ते अंगावर घेते. मग दिवसभर मामंजी मला चिकटून बसल्यासारखे वाटतात. मागच्या खोलीत भरलेला रांजण आहे. तो पाहुण्यांसाठी आहे."

ती खाली बसली. टाळी वाजली नाही. बायकांच्या बाजूला सगळ्या जणी समोर बघत होत्या. एका म्हातारीचं "खरं हाय की" एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी सरांना वाड्यावर बोलावलं. आमच्या घरातलं या पोरीला कुणी सांगितलं, हा त्यांचा प्रश्न होता. सर म्हणाले, ती कादंबरीतल्या घराबद्दल लिहिते. अप्पांनी बाज, परात, रांजण सगळं बोटावर मोजून दाखवलं. त्याच आठवड्यात आडत दुकानवाले एक संचालक शाळेत आले. त्यांची खात्री होती की ते घर त्यांचं आहे. मागोमाग कचेरीतले एक मोठे कारकून आले, तक्रार तीच. प्रत्येकाने दार लावून घेतलं आणि आपल्या घरची अंघोळीची रांग स्वतःच्या तोंडाने सांगितली. सरांकडून हे ऐकताना मला किळस येई ती त्या पाण्याची कमी, त्यांच्या रागाची जास्त. बायकांना तेच पाणी देताना यांपैकी कुणाला काही वाटलं नव्हतं. ते माइकवर आलं तेव्हा वाटलं.

सुमित्रा त्यांपैकी एकाही घरात कधी गेली नव्हती. मी तिला विचारलं, हे कुठे पाहिलंस? ती म्हणाली, पाहिलं नाही. सर म्हणाले होते, कुणाच्या मागून अंघोळ करते ते आधी सांगा. पाणी थोडं, घर मोठं. "मी नुस्तं एकाच्या मागं एक लावत गेले," ती म्हणाली, "शेवटी तिच्यापाशी काय ऱ्हातंय, बघितलं."

संचालकांनी ठराव केला. बक्षीस समारंभात सुमित्राने सुधारलेलं पान वाचायचं. त्यात धाकट्या सुनेने सासऱ्यांची क्षमा मागायची आणि घराचे आभार मानायचे. मजकूर सरांनी लिहून आधी संचालकांना दाखवायचा. नाहीतर मुलीने शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जायचं. परीक्षा तोंडावर आली होती. तिचे वडील रात्रीची पाळी संपवून, खाकी अंगावर तशीच, सरांकडे आले. "सर, एक पान वाचल्यानं काय झिजतंय? वाचू द्या," ते म्हणाले. सुमित्रा त्यांच्या मागे उभी होती. दुसरं काहीही वाचीन म्हणाली, अप्पांचं कौतुक वाचीन, पण धाकट्या सुनेच्या तोंडून नाही. "ती तेवढंच बोलली हाय. तेबी माघारी घ्यायचं का?"

सर वडिलांना म्हणाले, घरी जा. सुमित्राला म्हणाले, अभ्यास कर.

संचालकांच्या बैठकीला अप्पांनी मलाही बोलावलं, क्षमेची बातमी छापून यावी म्हणून. सर उभे राहिले. सुधारलेलं पान आणलंय, म्हणाले, फक्त माणूस बदललाय. धाकटी सून बोलून झाली, आता मामंजी बोलतील. अप्पांना ते पसंत पडलं. त्यांनी मान हलवली.

सरांनी वाचलं. "मी बाजेवर पहिला बसतो. पाणी अंगावरून खाली जातं. पुढं ते कुठं कुठं जातं ते मला ठाऊक हाय. शेवटी कुणाकडं जातं तेबी ठाऊक हाय. म्हणून मी कडेला होत न्हाई. तोंडात तंबाखू असते, चूळ तिथंच भरतो, परातीतच थुंकतो. पाणी माझं हाय. मागून येणाऱ्यांनी ते माझं म्हणूनच घ्यायचं. त्यांना घाण वाटत आसंल, असा इचार मला कधी आला न्हाई. आला आसता तरी मी थुंकलो आसतो."

आडतवाल्या संचालकांनी तोंडातलं पान रुमालात काढलं. अप्पांनी विचारलं, हे कुणाच्या घरातलं?

"माझ्या," सर म्हणाले. "बाजेवर मीच बसतो. आजबी बसून आलो."

बैठक तिथेच मोडली आणि ठराव कागदावरच राहिला. मी बातमी दिली नाही. छापण्यासारखी क्षमा झालीच नव्हती. बक्षीस समारंभात नाच झाले, गाणी झाली, कादंबरीतलं एकही माणूस व्यासपीठावर आलं नाही. सुमित्राचा दाखला काढला गेला नाही. ती त्याच शाळेतून परीक्षेला बसली आणि पास झाली. जूनमध्ये सरांच्या नेमणुकीचा आदेश आला नाही. नांदेड जिल्ह्यात भोकरला एका शाळेत त्यांना जागा मिळाली. सामान एस.टी.च्या टपावर चढवताना ते म्हणाले, "आता तिथली पोरं कोन कोन होत्यात बघू."

ते भोकरलाच वारले. मी काही दिवसांनी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी नागम्माबाई लातुरात माझ्या शेजारी राहिलेल्या, पण त्यांच्याशी माझं बोलणं असं कधी झालंच नव्हतं. त्यांनी चहा आणून ठेवला आणि समोर बसल्या. मी सरांनी संचालकांसमोर वाचलेल्या पानाची आठवण काढली. सरांनी त्यांना ते कधी दाखवलं नव्हतं. काय लिहिलं होतं ते त्यांना मागाहून शेजारणीकडून कळलं.

त्या दिवशी बैठकीहून आल्यावर सर त्यांना म्हणाले होते, उद्यापासून पहिली अंघोळ तू करायची. का, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नागम्माबाईंनी बाजेवर बसून अंघोळ केली आणि परात सरांपुढे सरकवली. सर बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. मग नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसून शाळेत गेले. पुढे पाऊस पडेपर्यंत रोज तेच.

"किळस येती म्हणले," नागम्माबाई म्हणाल्या. "खोटं न्हाई बोलले. मी म्हणलं, मलाबी यायची. तवा पयल्यांदा माझ्याकडं वर मान करून बघितलं."