आप्पांचा दहावा आणि माझे कुरव

आप्पांच्या दहाव्याला मी दुर्बीण घेऊन गेलो होतो.

यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. आप्पा म्हणजे माझे पाचोडचे थोरले चुलते. दहावा पैठणला, गोदावरीच्या घाटावर, भर पौषात! त्या दिवसांत तिथं नदीवर कुरव उतरतात. (कुरव म्हणजे थंडीत लांबून येणारे पांढरे पाणपक्षी. आमच्या घरी त्यांना ‘ह्याची बदकं’ म्हणतात.) विधी लांबणार, मला मंत्र येत नाहीत, तर मधल्या वेळात पक्षी बघावेत असा माझा सरळ विचार. शिवाय औरंगाबादहून (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) निघताना स्टँडवरून शेवेचा मोठा पुडा घेतला होता. शेव उधळली की कुरव अगदी डोक्यावर येतात.

पिंड ठेवला, मंडळी मागं सरकली. मी हळूच घाटाच्या भिंतीआड गेलो आणि शेव उधळायला लागलो. तिकडं कावळा येईना. कावळा शिवल्याशिवाय आप्पा सुटणार नव्हते आणि जेवणाची मंडळीही!

“आप्पा, गाय विकत नाय!” आप्पांचा मुलगा दत्तू हात जोडून ओरडला.

कावळा नाही.

“बांधाचं भांडण मिटवतो!”

कावळा नाही.

“बरं... तंबाखू सोडतो.” इथं दत्तूचा आवाज जरा बारीक झाला.

तरी नाही! शेवटी गुरुजी म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिवू या. शास्त्रात तशी सोय आहे.”

“गवताचा?” मोठी माय, म्हणजे आमची काकू, ताडकन उठली. “गुर्जी, पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाच्या पटवाऱ्याचं खोटं ह्यांनी चालू दिलं नाय. अन् आता गवताच्या कावळ्यानं जातेल व्हय? मला खरा पाहिजे. नायतर मी इथून हलत नाय.”

आणि ती रडायला लागली. आप्पा गेल्यापासून तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. भिंतीआड मलाही गलबलून आलं. मी दुर्बीण पुसली आणि आणखी एक मूठ शेव टाकली.

“ह्यांचा जीव शहरातल्या पोरात अडकलाय,” मोठी माय म्हणाली. “कुठं गेलंय ते?”

मला शोधत बायको भिंतीआड आली आणि जागीच थांबली. माझ्या डोक्यावर कुरव होते आणि पायाशी घाटावरचे झाडून सगळे कावळे! मी नदीच्या मध्यावर नजर लावून होतो. पायाशी बघायचं सुचलंच नव्हतं.

“अहो! आप्पा अडकलेत तिकडं आणि तुम्ही इथं कावळ्यांची पंगत वाढताय?”

मी घाबरून पिंडाकडं धावलो. (पुडा तिथंच टाकायचा असतो, हे आता सुचतं.) माझ्यामागं कावळे, कावळ्यांवर कुरव, सगळ्यांमागं बायको!

“बोल बाबा, कायतरी बोल!” मोठी माय म्हणाली.

“आप्पा, दर महिन्याला पाचोडला येईन!” मी जोरात हात जोडले. दोन्ही हातांत पुडा होता. तो फाटला आणि सगळी शेव पिंडावर!

एकच गलका झाला. कावळे उतरायच्या आत एका कुरवानं झडप घातली, पिंडाचा भला मोठा तुकडा उचलला आणि नदीकडं निघून गेला.

सगळे गुरुजींकडं बघायला लागले.

“कुरवाबद्दल,” गुरुजी घसा खाकरत म्हणाले, “मला तरी काही आठवत नाही.”

“तुमी राहू द्या,” मोठी माय नदीकडं बघत म्हणाली. “कसा पांढराफेक आला, बघितलं? ह्यांना धुतलेल्या धोतराबिगर चालायचंच नाय. गेले. सुटले माझे मालक.” तिनं डोळे पुसले आणि चक्क हसली. गुरुजींनी लगेच पोथी मिटली.

परतताना जीपमध्येच दत्तूनं तंबाखू मळली. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाला, “माझ्या बोलण्यावर आला व्हता का पक्षी? तुझ्या बोलण्यावर आला. तू पाळ!”

मी पाळतोय. दर महिन्याला पाचोडला जातो, मोठ्या मायच्या हातचं पोटभर जेवतो. पण गोष्ट तालुकाभर झाली. आता कुठंही पिंड अडला की मला न्यायला जीप येते. पक्षी ओळखणारा म्हणून आजवर मला कोणी विचारलं नाही. आमिष म्हणून मात्र पैठण तालुक्यात माझं मोठं नाव आहे!