मायबोलीतून बढती

माझ्या मुलीची बढती मी मोठ्या प्रेमाने बुडवत आणली होती.

ऋचा इथे जयपूरलाच एका मोठ्या कंपनीत आहे. राब राब राबते, पण बढतीची वेळ आली की दुसऱ्याचंच नाव पुढे! यंदा मात्र तिने कंबर कसली. "आई, इस बार मी मागणारच. मतलब, घेणारच!" त्यातच तिला नवे साहेब आले, देशमुख, थेट पुण्याहून. मला गगन ठेंगणं झालं.

"त्यांच्याशी मराठीत बोल," मी फर्मावलं. "परमुलखात मायबोली ऐकली की माणूस विरघळतो."

"आई, माझं मराठी ऐकून?" (पोरगी जन्मली, वाढली इथेच. तिचं मराठी म्हणजे दाल-बाटीला कढीलिंबाची फोडणी!)

"अडलीस तर हिंदी शब्द घाल आणि पुढे 'केली', 'आहे' लाव. दोन्ही भाषा बहिणीच तर आहेत!"

बोलणं व्हिडिओ कॉलवर होतं, आमच्या जवाहर नगरच्या घरातूनच. मी पडद्याआड उभी, हात कणकेने भरलेले.

"सर," ऋचा ठामपणे म्हणाली, "क्लायंटसाठी मी वर्षभर खूप चेष्टा केली."

"क्लायंटची चेष्टा?" साहेब दचकले. "कुणी तक्रार नाही केली?"

"नाही सर, सगळे खूश आहेत! आणि माझी शिक्षा पण चांगली आहे."

"शिक्षा? कशाबद्दल?"

"इंजिनिअरिंगबद्दल, सर!"

मी पडदा गच्च आवळला. पण पोरगी मागे हटेना. "आणि सर, मॅनेजरची जागा खाली आहे."

साहेबांनी वाकून फरशीकडे पाहिलं. "अजून किती खाली? आपलं ऑफिस तळमजल्यावरच आहे ना?"

आता राहवेना! मी झेप घेतली. "अहो, खाली म्हणजे रिकामी! चेष्टा म्हणजे प्रयत्न! शिक्षा म्हणजे शिक्षण!" हातवारे करता करता कणकेचा पंजा थेट कॅमेऱ्यावर बसला.

"ऋचा? दिसत नाही तुम्ही. काय झालं?"

ऋचाने मला बाजूला सारलं, ओढणीने कॅमेरा पुसला आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "सर, वो मेरी माँ थीं. अब मैं बोलती हूँ." कोणतं बुडतं काम तिने वाचवलं, कोणाकोणाला शिकवून तयार केलं, सगळं सांगितलं. "ये पद मुझे चाहिए. और तनख्वाह भी इसी पद की."

"सोचकर बताता हूँ," साहेब म्हणाले.

"कब तक, सर?"

मी पुन्हा पडद्याआड दडले! साहेब मात्र हसले. "शुक्रवार तक."

आणि शुक्रवारी बढती आली, पगारासकट!

पेढा भरवताना मी विचारलं, "असं थेट मागायला शिकलीस कुणाकडून गं?"

"तुझ्याकडून तर नाही, आई."

खरंच होतं ते. मी एका शाळेत गणित शिकवते. दरवर्षी पगारवाढ मागायचीच, असा पक्का निश्चय करून मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरते, आणि दरवर्षी एक जादा वर्ग घेऊन, वर त्यांचे आभार मानून बाहेर येते!