सुपडूआप्पाची दुपारची शाळा

नव्या गड्याला सुपडूआप्पा पहिल्या दिवशी केळीच्या घडाला हात लावू देत नसे. "पयले माणूस शिक, मंग घड उचल," म्हणायचा. पासष्ट सालच्या आसपास रावेर स्टेशनात आम्ही केळीच्या वॅगनी भरायचो. सातपुड्यातले आदिवासी पावरे, पायथ्याचे तडवी मुसलमान आणि आम्ही गावातले.

जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांना गोल बसवी. आज पावऱ्याने आपला सण सांगायचा, उद्या तडव्याने रोजा कसा धरतात ते. मी लांब लिंबाखाली पाठ फिरवून भाकर खाई. दोन इयत्ता शिकलेलो, पण वॅगन भरण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मुकादमकी माझ्या हक्काची. पण ज्यांचा केळीचा माल आम्ही भरायचो त्या शेठने दिली ती या धुळ्याकडच्या उपऱ्याला. त्याला कोणी 'आप्पा' म्हटलं की माझ्या पोटात दुखे.

"भाऊ, इकडे बस ना. बठ्ठा आपलाच शेतस," आप्पा हाक मारी. बठ्ठा म्हणजे सगळे.

"माझी शाळा कधीच सुटली," मी म्हणे.

एकदा होळीच्या तोंडावर त्याची आई आजारी पडली. धुळ्याला जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पावरा भोंगऱ्याच्या बाजारले जातीन. तडव्यासले आधी सांगी ठेव, त्या येतीन. ईदले पावरा त्यासनं काम करतस."

मी मुद्दाम सांगितलं नाही. उलट पावऱ्यांना दम भरला, "उद्या जो येणार नाही, त्याने परत तोंड दाखवू नये." भोंगऱ्या म्हणजे त्यांचा वर्षाचा बाजार, गाठीभेटींचा. एकही आला नाही. तडवी दुसऱ्याच्या बागेत कापणीला गेलेले. घड फलाटावर काळे पडले, वॅगन अर्धीच गेली.

शेठ माझ्यावर ओरडत होते, तेवढ्यात आप्पा एसटीतून उतरून आला. "भाऊले नका बोलू शेठ. मीच सांगानं भुली गऊ."

शेठने त्याला काढलं आणि मुकादमकी मला दिली. मी ती घेतली.

पहिल्याच दुपारी सगळे गोल बसून माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या होळीला माणसं लागणारच होती. बसलो. बारा वर्षं बसलो. कोणाचा सण कधी, कोण काय खात नाही, कोणाला कसं बोलावं, सगळं शिकलो आणि नव्यांना शिकवलं. सणापायी पुन्हा एकही वॅगन अडली नाही.

मग आप्पा वारल्याचा निरोप आला. त्या दुपारी राहवलं नाही. बोलून गेलो, "तेव्हा तो विसरला नव्हता. चूक माझी होती."

म्हातारा रूमसिंग पावरा हसला. "आम्हाला तेव्हाच ठाऊक, मुकादम. शेठकडे सांगायला निघालो होतो. आप्पानं अडवलं."

"का?"

"म्हणाला, होऊ द्या त्याला मुकादम. एकदा तुमच्यात बसला की माझ्यापेक्षा चांगला निघेल."

ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण जीव जळालाच. त्या माणसाकडून मी मुकादमकी ही एकच गोष्ट जिंकली होती, आणि तीही त्यानेच देऊ केलेली निघाली.